बांधावरचे परराष्ट्र धोरण

वणीच्या शेतकऱ्याला आंतरराष्ट्रीय राजकारण कोणी शिकविलेले नाही. ते त्याने सोसले आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती खुली करताना ४० टक्के शुल्क लादले. निर्णय दूरचे, भाव मात्र येथे पडले.

त्याच शेतकऱ्याची मुले राज्यशास्त्र घेतात, तेव्हा हा विषय गुणांपुरता उरतो. दिल्लीत १९५५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली. १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे. परिसंवाद आणि व्याख्याने शहरांतच होत राहिली, तर खेड्यातील विद्यार्थ्याने वाट कोणाला विचारावी? परराष्ट्र सेवेची निवडही नागरी सेवा परीक्षेतूनच होते आणि तिची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, हे त्याला वेळेवर सांगणारा कोणी हवा.

म्हणून विद्यापीठाने हे कार्यक्रम तालुक्याच्या महाविद्यालयांत, मराठीतून घ्यावेत. करिअर मार्गदर्शन म्हणजे केवळ पगाराचे आकडे नव्हेत. व्यापारी करार कसे होतात, निर्यातीचे नियम कोण ठरवितो, हेही त्यात यावे. व्यासपीठावर प्राध्यापकाशेजारी द्राक्ष बागाईतदारही बसावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगाव न्यावी. ज्यांचा माल जगाच्या बाजारात जातो, त्यांची मुले वाटाघाटींच्या मेजापाशी नसतील, तर तेथे त्यांच्या घामाची किंमत परकेच ठरवीत राहतील.