खाकीची वाट कोणत्या शाखेतून जाते?

मुलामुलींनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा : सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स? मंद्रूपच्या एका मैत्रिणीनं हाच प्रश्न विचारलाय. तिला सीबीआयमध्ये जायचंय. घरचे म्हणतात, "मग सायन्सच घे. आर्ट्‌सला जाऊन कुणी साहेब झालंय का?" तिला मात्र इतिहास आवडतो आणि गणिताची धास्ती वाटते.

झालेत की! सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि आयपीएस अधिकारी बनले. देशातल्या पहिल्या महिला आयपीएस किरण बेदी राज्यशास्त्राच्या एम.ए. उलट हेमंत करकरे नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअर झाले होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत ते शहीद झाले. त्याच रात्री वीरमरण आलेले अशोक कामटे त्याआधी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते.

म्हणजे शाखा कोणतीही चालते. कशी ते पाहा. सीबीआयची स्थापना 1963 साली झाली. तिथं जायच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक, पदवीनंतर स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा देऊन सब-इन्स्पेक्टर व्हायचं. दुसरी, यूपीएससी देऊन आयपीएस व्हायचं आणि पुढे प्रतिनियुक्तीवर सीबीआयमध्ये जायचं. दोन्हींना कुठल्याही शाखेची पदवी चालते. राज्यात फौजदार व्हायचं तर एमपीएससी. तिथंही पदवी पुरते, पण मैदानी चाचणी असते. तेव्हा पळायची सवय आत्तापासूनच ठेवा.

मग शाखेला काहीच अर्थ नाही का? आहे. गुन्ह्याच्या जागी सापडलेलं रक्त, विष किंवा बंदुकीची गोळी प्रयोगशाळेत तपासायची असेल तर सायन्सला पर्याय नाही. बँकेतल्या घोटाळ्यांचा माग काढायला हिशेब कळावे लागतात. तिथं कॉमर्सचा उपयोग होतो. कोर्टात सरकारची बाजू मांडायची असेल तर कायद्याची पदवी हवीच.

आर्ट्‌सवाल्यांचाही फायदा आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 1750 पैकी 500 गुण आपण निवडलेल्या एका विषयाला असतात. इतिहास मनापासून वाचलेला असेल तर तो तिथं कामी येतो. ही परीक्षा मराठीतूनही लिहिता येते. शिवाय मंद्रूपच्या बाजूला मराठीबरोबर कानडीही कानावर पडते. सीमेवरच्या पोलिसाला दोन भाषा येणं किती मोलाचं!

पण मैत्रिणी, एक गोष्ट स्पष्ट सांगते. आर्ट्‌स घेतलं म्हणून गणित सुटत नाही. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत गणित असतंच, आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतही दहावीच्या पातळीची आकडेमोड विचारतात. तेव्हा दहावीचं पुस्तक रद्दीत घालू नकोस. रोज चार गणितं सोडव, धास्ती आपोआप कमी होईल.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. या परीक्षांना लाखो मुलं बसतात आणि जागा असतात मूठभर. हुशार, कष्टाळू मुलंही मागे राहतात. म्हणून पदवी अशी निवडावी, की वर्दी नाही मिळाली तरी तिच्या जोरावर पोट भरता यावं, मग ती शिक्षकी असो, वकिली असो वा बँकेतली नोकरी. मनाविरुद्ध सायन्स घेऊन बारावीला गटांगळ्या खाल्ल्या तर पदवी लांबते, फीचे पैसे जातात आणि मुलीचा धीरही जातो. त्यापेक्षा आवडीच्या विषयात चांगले गुण मिळवलेले काय वाईट?

या सुट्टीत एक काम करा. या परीक्षांचा अभ्यासक्रम सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतो. तो उतरवून घ्या आणि आईबाबांना शेजारी बसवून वाचा. शाखेचा फॉर्म त्यानंतरच भरा.