चायनीज सोडले, गोळीही सोडली!

परवाचा दिवस वाईट गेला. पोलादपूरकडच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना अर्धांगाचा झटका आला म्हणून दवाखान्यात आणले. रक्तदाबाची गोळी वर्षभर बंद. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या सांगण्यावरून बाबांनी चायनीज सोडलं. मग गोळी कशाला, म्हणाले." त्यांना तातडीने पुढे पाठवले. रात्री नऊला लक्षात आले, सकाळपासून माझ्या पोटात फक्त चहा आहे.

महाडच्या एस.टी. स्टँडकडे चार टेबलांचे नूडल्सचे नवे दुकान दिसले. बसलो. मालकाला म्हटले, "सॉस निम्मा, कोबी-गाजर दुप्पट." त्याने समोरच परतून वाफाळती बशी पुढे ठेवली. खरे सांगतो, इतके समाधान कित्येक दिवसांत झाले नव्हते.

खाता खाता माझी चूक उमगली. मी सरसकट 'बंद' म्हणत आलो, 'का' ते सांगितले नाही. लोक अजिनोमोटोला घाबरतात. खरा प्रश्न मिठाचा आहे. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच २ ग्रॅमहून अधिक मीठ असते. आणि आपले लोणचे, पापड, सुकी मासळी तरी कुठे मागे आहेत?

तेव्हा वाचकहो, क्वचित एखादी बशी, सॉस कमी घालून, जरूर खा. पण पथ्य गोळीच्या जोडीला असते, गोळीच्या बदल्यात नव्हे. रक्तदाबाचा आकडा बरा आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.