आधी रोग, मग रंग

स्माइल मेकओव्हर हा एक उपचार नाही, उपचारांचा संच आहे. दातांची सफाई, ब्लीचिंग, तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे), काँपोझिटचे भरण, व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा), कॅप, हिरडीची छाटणी आणि गरज पडल्यास इम्प्लांट, यांतले काही निवडून हसताना दिसणारे दात आणि हिरड्या सुधारणे एवढाच त्याचा अर्थ. छत्रपती संभाजीनगरात निराला बाजारापासून सिडको-गारखेड्यापर्यंत दवाखान्यांच्या पाट्यांवर हा शब्द आता रुळला आहे. त्याची मागणीही ठरलेल्या वेळी येते. साखरपुडा झालेला असतो, लग्नाची तारीख धरलेली असते आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत दात ‘करून घ्यायचे’ असतात.

या उपचारांविषयी दोन मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. दुसऱ्याच्या मते पैसे मोजले की दोन भेटींत नवे हसू मिळते. दोन्ही मते टिकणारी नाहीत. उपचार करावेत की करू नयेत हा वाद मुळातच गौण आहे. ते कोणत्या क्रमाने करावेत, यावर सगळे अवलंबून आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते. दात चावण्यासाठी आहेत, मिरवण्यासाठी नाहीत. देवाने दिले तसे राहू द्यावेत. पण मराठी घरांनी दात कधीच देवाने दिले तसे राहू दिले नव्हते. दातवण लावून दात काळे करणे हे काही पिढ्यांपूर्वीपर्यंत सवाष्णीच्या शृंगारात मोडत असे. जपानमध्येही प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया दात काळे करत. दात सजवण्याची हौस जुनीच आहे, बदलला तो रंग. हौस आहे म्हणून उपचार त्याज्य ठरवायचा, तर मेंदी आणि नथही त्याज्य ठरतील.

शिवाय मराठवाड्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. नांदेड, बीड आणि विदर्भातील यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. कायमचे दात जबड्यात घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्तीचे फ्लोराइड पोटात गेले तर दातांचे कवच सदोष बनते. त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे उमटतात, पुढे ते तपकिरीही होऊ शकतात. असा दात कितीही घासला तरी उजळत नाही, कारण डाग वरून लागलेला नसून आतूनच घडलेला असतो. अशा गावातून शहरात शिकायला आलेली मुलगी हसताना तोंडावर हात धरत असेल, तर तिच्या उपचाराला चोचले म्हणणे हा अन्याय आहे. करकायदाही हा फरक ओळखतो. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला जी सूट आहे, तिच्यातून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे. मात्र जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी ती केली असेल, तर सूट कायम राहते.

या पहिल्या पक्षाच्या शिदोरीत आणखी दोन समजुती असतात. दात साफ केले की हलू लागतात, ही पहिली. वस्तुस्थिती उलटी आहे. दाताभोवती साठलेल्या किटणामुळे हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. दात हलतो तो त्यामुळे. किटणाचा थर हलणाऱ्या दाताला लिंपल्यासारखा जखडून ठेवतो. तो काढल्यावर आधीपासूनचे हलणे जाणवते आणि दोष सफाईच्या माथी बसतो. वरचा दात काढला की नजर जाते, ही दुसरी. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. एकीला धक्का लागला म्हणून दुसरी बंद पडत नाही. या समजुतींपायी जो माणूस वर्षानुवर्षे सफाई टाळतो, तोच पुढे हिरड्या खराब झाल्यावर ‘सगळे दात बदलून द्या’ म्हणत येतो.

आता दुसरा पक्ष. त्याचे पहिले वचन ‘दोन भेटींत नवे हसू’ हे. वेडेवाकडे किंवा पिवळे दात सर्व बाजूंनी घासून बारीक करायचे आणि वर कॅपा बसवायच्या, हाच बहुधा या वेगाचा मार्ग असतो. त्याची किंमत दाताला मोजावी लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ६३ ते ७२ टक्के ऐवज काढला जातो, तर व्हिनिअरसारख्या चिकटवण्याच्या उपचारांत तो ३ ते ३० टक्के असतो. दाताचे कवच समोरच्या बाजूने जेमतेम एक मिलिमीटर, हिरडीजवळ तर त्याहून पातळ. दात तोंडात उगवल्यावर हे कवच घडवणाऱ्या पेशी उरत नाहीत, त्यामुळे घासलेले कवच पुन्हा येत नाही. ब्रिटनमधून स्वस्त उपचारासाठी तुर्कस्तानात गेलेल्या तरुणांच्या खुंटासारख्या घासलेल्या दातांची छायाचित्रे जगभर फिरली, ती याच वेगाची निशाणी.

‘हॉलिवूड स्माइल’ या नावामागची हकिगतही या वचनाच्या विरोधात जाते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी नटांच्या दातांवर पातळ पापुद्रे बसवायला सुरुवात केली. ते चिकटवण्याचे भरवशाचे साधन तेव्हा नव्हते. चित्रीकरण संपले की पापुद्रे काढून ठेवत, आणि खालचा दात शाबूत राही. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने कवच खरबरीत करून त्यावर रेझिन हे प्लास्टिकसारखे द्रव्य चिकटवण्याची पद्धत दाखवली, आणि १९८०च्या दशकात याच तत्त्वावर चिनी मातीचे व्हिनिअर दाताला कायमचे जोडता येऊ लागले. नट जे चित्रीकरणापुरते लावत, ते आता जन्मभरासाठी लावले जाते. अभ्यासांत चांगल्या व्हिनिअरपैकी सुमारे नव्वद टक्के दहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसते. हा आकडा उत्तम आहे. पण पंचविसाव्या वर्षी बसवलेले व्हिनिअर पंधरा वर्षे टिकले, तरी चाळिशी, पंचावन्न आणि सत्तरी अशा तीन वेळा ते बदलावे लागणार. हा हिशेब ‘दोन भेटींत’ म्हणणाऱ्या जाहिरातीत नसतो.

दुसरे वचन ‘जितके पांढरे तितके सुंदर’. नैसर्गिक दात एकरंगी नसतात. हिरडीजवळ ते किंचित गडद असतात, कडेला अर्धपारदर्शक. सुळे पुढच्या दातांपेक्षा नेहमीच जरा पिवळट. वयाबरोबर आतला थर जाड होतो आणि दाताची छटा गडद होत जाते. रंग जुळवण्यासाठी दंतवैद्य वापरतात त्या प्रचलित पट्टीवर सोळा छटा आहेत, त्या यासाठीच. पट्टीच्याही पलीकडचा चुन्यासारखा पांढरा रंग सगळ्या दातांना लावला की दात दातांसारखे दिसत नाहीत. पांढरेपणाच्या हव्यासातून होणारे घरगुती प्रयोग तर आणखी घातक आहेत. लिंबू आणि सोडा चोळणे, कोळशाची पूड, राखुंडी यांनी दात काही दिवस उजळ वाटतो. पण लिंबाचे आम्ल कवच विरघळवते, पूड ते खरवडते आणि खालचा पिवळा थर जवळ येतो. म्हणजे दात आणखी पिवळा दिसू लागतो.

तिसरे वचन सुवर्ण गुणोत्तराचे. संगणकावर चेहऱ्याचे छायाचित्र टाकून १ ला १.६१८ या प्रमाणात दात आखून दाखवले जातात. ही कल्पना दंतवैद्यकात १९७०च्या दशकात मांडली गेली. मात्र सुंदर मानल्या जाणाऱ्या नैसर्गिक दातांची मोजमापे घेतली, तेव्हा हे प्रमाण क्वचितच सापडले. पुढच्या दाताची रुंदी उंचीच्या सुमारे पाऊणपट ते ऐंशी टक्के असावी, ओठ सैल असताना तरुण स्त्रीचे वरचे दात सुमारे ३ आणि पुरुषाचे सुमारे २ मिलिमीटर दिसावेत, असे ढोबळ आडाखे उपयोगी पडतात. पण ते आडाखेच आहेत.

खंडन इथे संपते. मग योग्य आराखडा कोणता? ज्याची पहिली पायरी परत फिरवता येते आणि दात घासून बारीक करण्याची पायरी सर्वांत शेवटी येते, तो.

सुरुवात तपासणीपासून. सगळ्या दातांचा एक्स-रे, हिरड्यांची मोजणी, जुन्या फिलिंगची आणि रूट कॅनलची स्थिती, मधुमेहाची नोंद, रात्री दात खाण्याची सवय. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यांतले बहुतेक ती खाणारे किंवा मिश्रीसारखी दातांना लावणारे होते. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी दवाखान्यात येणाऱ्या तोंडात त्याचे डाग आजही असतात. अशा माणसाच्या दातांवरचे डाग पाहण्याआधी त्याच्या गालाच्या आतला भाग पाहिला पाहिजे. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, गाल आतून पांढरट आणि ताठर लागत असेल, तर ती कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. डाग काढून देऊन त्याला हसत घरी पाठवणे हे वैद्यकीय पाप ठरेल.

दुसरी पायरी रोगाची. कीड, सुजलेल्या हिरड्या, मेलेली नस यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी बसवलेल्या व्हिनिअरची कड नीट बसत नाही, आणि हिरडी मागे सरकली की ती कड उघडी पडते.

तिसरी पायरी जागेची. दात पुढे आलेले किंवा एकावर एक चढलेले असतील तर तारा किंवा अलाइनरने त्यांना जागेवर आणावे. मोठ्या माणसात याला बहुधा वर्ष ते दोन वर्षे लागतात. अलाइनर दिवसाला सुमारे २२ तास तोंडात हवा, आणि नंतर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर लावावाच लागतो. सरळ झालेला दात मग बऱ्याचदा घासावाच लागत नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यात तेवढा वेळ नसेल, तर लग्नापुरते सफाई आणि ब्लीचिंग करून तारा नंतर लावणे, हे दहा दात कापून घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

चौथी पायरी रंगाची, आणि तिथे आधी निदान हवे. चहा, पान, तंबाखूचे डाग सफाईनेच जातात. वयाने आलेला पिवळेपणा ब्लीचिंगने कमी होतो. १९८९ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीत दाताच्या मापाच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून रात्री दोन-तीन आठवडे वापरतात. या काळात दातांना तात्पुरती झिणझिण येऊ शकते. जास्तीच्या फ्लोराइडने आलेल्या, म्हणजे फ्लोरोसिसच्या, तपकिरी डागांना आधी कवचाचा अगदी पातळ थर घासून काढणे, मग ब्लीचिंग किंवा रेझिन मुरवणे, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच व्हिनिअर. मार लागून काळा पडलेल्या एकट्या दाताला आधी रूट कॅनल करून आतून ब्लीच करता येते. कॅप आणि फिलिंग यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. म्हणून ब्लीचिंग आधी, मग साधारण दोन आठवडे थांबून भरण. थांबायचे ते दोन कारणांनी. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनची पकड ढिली करतो, आणि रंगही तोवर स्थिर झालेला नसतो.

पाचवी पायरी आकाराची, आणि इथे एक गोष्ट सोडून चालत नाही. मापावरून केलेल्या साच्यावर तंत्रज्ञ मेणाने नवे दात घडवतो. त्याचा सिलिकॉनचा ठसा घेऊन त्यात तात्पुरते रेझिन भरतात आणि न घासलेल्या दातांवर दाबून बसवतात. काही मिनिटांत ते कडक होते, आणि माणूस आरशात भावी हसू पाहतो. मग त्याला ‘वावर’, ‘विहीर’ असे शब्द म्हणायला लावतात. ‘व’ उच्चारताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद टेकली पाहिजे. ती आत बोचत असेल तर दात लांब झाले, पोचतच नसेल तर आखूड राहिले. पुढे ‘सत्तावीस, सदतीस’ मोजताना शिट्टी वाजते का, हेही पाहतात. घरच्यांची पसंती, नापसंती इथेच कळते, आणि नको असेल तर रेझिन उचकटून दात होता तसा परत मिळतो. ही चाचणी न घेता दाताला ड्रिल लावणे म्हणजे माप न घेता कापड फाडणे.

शेवटी राखण. रात्री दात खाणाऱ्याला झोपताना घालायचा गार्ड, सहा महिन्यांनी तपासणी, आणि तंबाखू बंद. यांतले काही पाळायची तयारी नसेल, तर उपचार सुरूच करू नयेत.

हे करणारा माणूस कोण, हेही महत्त्वाचे. दंतवैद्य म्हणून नोंदणी नसलेल्याला कायद्याने दंतोपचार करता येत नाहीत. दातांवर पेरॉक्साइड लावणे हे ब्यूटी पार्लरचे काम नाही. एखाद्या दवाखान्याच्या सल्ल्यावर शंका असेल, तर दुसरे मत घेण्याची सोय शहरातच आहे. घाटी रुग्णालयाशेजारच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्या, तारा, भरण आणि कृत्रिम दात या प्रत्येक शाखेचे वेगळे विभाग एकाच आवारात आहेत, आणि कांचनवाडीतही दंत महाविद्यालय आहे.

उपचाराआधीचे फोटो आणि एक्स-रे, रोगांची यादी, पायऱ्यांचा क्रम, कोणत्या दाताचे किती कवच जाणार याचा उल्लेख, आणि पुढे दुरुस्ती व बदलाचा अंदाजे खर्च, एवढ्या पाच गोष्टी कागदावर लिहून मिळाव्यात. त्या मिळेपर्यंत कोणत्याही निरोगी दाताला ड्रिल लावू देऊ नये, मग लग्न कितीही जवळ आलेले असो.