वास्तू पाहावी, पण कशी?

सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्याला ‘काय पाहिलेस?’ असे विचारले की तो स्थळांची नावे धडाधड सांगतो, ‘काय समजले?’ असे विचारले की मात्र गप्प बसतो. दोष त्याचा नव्हे. ऐतिहासिक वास्तूला प्रश्न विचारायचे असतात, हे आपण शिक्षकांनीच त्याला शिकविलेले नसते. या बाबतीत अमेरिकेतील बॉस्टन शहराचे उदाहरण मननीय आहे.

एके काळी इंग्रजांच्या अमलाखाली असलेल्या या शहरात ‘फ्रीडम ट्रेल’ नावाची सुमारे अडीच मैलांची पायवाट आहे. तांबड्या विटांची रेघ धरून चालत गेले की सोळा इतिहासप्रसिद्ध स्थळे पाहावयास मिळतात. त्यांतील ‘ओल्ड साउथ मीटिंग हाउस’ हे 1729 सालचे प्रार्थनामंदिर. चहावरील कराच्या निषेधार्थ 16 डिसेंबर 1773 रोजी हजारो नागरिक येथे जमले, आणि त्याच रात्री चहाच्या 342 पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. तो चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. बंगालमध्ये नुकताच आपला अंमल बसविणारी तीच ही कंपनी! पुढे इंग्रजी फौजेने या मंदिरातील बाके उखडून तेथे घोडे फिरविले. 1876 मध्ये ते पाडले जाणार होते; नागरिकांनी पुढाकार घेऊन ते वाचविले.

जवळच 1713 मध्ये बांधलेले ‘ओल्ड स्टेट हाउस’ आहे. 5 मार्च 1770 रोजी त्याच्यासमोर इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. 18 जुलै 1776 रोजी त्याच्याच सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यात आला, तेव्हा संतप्त लोकांनी छपरावरील सिंह आणि एकशृंगी घोडा ही राजचिन्हे उतरवून जाळून टाकली. परंतु 1882 मध्ये, वास्तूचा जीर्णोद्धार करताना, त्याच चिन्हांच्या प्रतिकृती तेथे पुन्हा बसविल्या गेल्या. स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला जुन्या राजाच्या सिंहाचे भय उरले नव्हते.

आणखी एक वास्तू म्हणजे 1742 सालचे ‘फॅन्युएल हॉल’. स्वातंत्र्याची भाषणे येथे दुमदुमली. पण ज्या व्यापाऱ्याने ती शहराला दिली, त्याने गुलामांच्या व्यापारातूनही पैसा मिळविला होता. पुढे याच सभागृहात गुलामगिरीविरुद्ध आवाज उठला. कीर्ती आणि कलंक एकाच छपराखाली नांदतात, ते असे!

परकीय सत्तेच्या खुणा पुसून टाकाव्यात, असे काही जण म्हणतात. केवळ गौरवाचीच पाने दाखवावीत, असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही मते मान्य नाहीत. खूण पुसली म्हणजे साक्षीदार गेला, आणि अर्धेच सत्य सांगणे ही साक्षीदाराची मुस्कटदाबीच होय.

आपल्या गोमंतकातील आग्वादचा किल्लाच घ्या. पोर्तुगीजांनी 1612 मध्ये तो स्वतःच्या रक्षणार्थ बांधला. पुढे त्याच ठिकाणच्या तुरुंगात आपले स्वातंत्र्यसैनिक बंदिवासात पडले. आज तेथे संग्रहालय आहे. समुद्राचे सौंदर्य पाहून परतणारे पुष्कळ. कोठडीच्या दारापाशी क्षणभर थांबणारे किती?

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, पुढच्या सहलीला जाताना वहीत तीन प्रश्न लिहून न्या: ही वास्तू कोणी बांधली? कोणाच्या श्रमांवर उभी राहिली? आणि कोणाला येथे कोंडले, किंवा दाराबाहेर ठेवले? उत्तरे घेऊन आलात, तरच सहल घडली असे मी म्हणेन.