भाऊबंदकीची बाजू घेताना

बीएसडीचा विषय निघाला की कुणी ना कुणी शहाणा म्हणतोच, 'हे लोक आपसात भांडले नसते, तर आज लिनक्सच्या जागी असते.' मग फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, ड्रॅगनफ्लाय अशी नावं बोटांवर मोजायची आणि 'भाऊबंदकीनं घर बुडालं' असा निकाल द्यायचा. हा निकाल साफ चूक आहे.

पहिली गोष्ट, घराला धक्का बसला तो कोर्टात. बर्कलेच्या युनिक्सवरून एटी अँड टीच्या उपकंपनीनं १९९२ साली खटला भरला. तो मिटायला १९९४ उजाडलं. नेमक्या त्याच काळात लिनक्सनं बस्तान बसवलं.

दुसरी गोष्ट, शेताची वाटणी झाली की तुकडे लहान होतात. कोडचं तसं नसतं. वेगळा होणारा भाऊ अख्खा सातबारा घेऊन जातो आणि मागे राहणाऱ्याचा एक गुंठाही कमी होत नाही. १९९४च्या अखेरीस थिओ द राट यांना नेटबीएसडीच्या मुख्य गटातून बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी ओपनबीएसडी सुरू केली, सुरक्षेला पहिला मान देऊन. त्याच घरातून १९९९ साली ओपनएसएसएच आली. आज लिनक्सवालेही आपल्या सर्व्हरमध्ये शिरतात ते बहुतेक तिच्याच दारातून. २००१ साली तिथंच लिहिलेली पीएफ ही फायरवॉल पुढे बाकीच्या तिन्ही घरांनी उचलली.

माणसं मात्र वाटली जातात, हे मान्य. वायफायचा एकच ड्रायव्हर प्रत्येक घराला आपापल्या परीनं बसवावा लागतो. पण स्वयंसेवक म्हणजे बदली करता येणारे कारकून नव्हेत. जुन्यापुराण्या यंत्रांवर नेटबीएसडी चालवण्यात ज्याचा जीव रमतो, त्याला फ्रीबीएसडीच्या सर्व्हरला जुंपलंत, तर तो दुप्पट काम करणार नाही. सरळ घरी जाईल.

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या सी लायब्ररीत फ्री, नेट आणि ओपन या तिन्ही बीएसडींचा कोड आहे. आयफोन असेल, तर त्याच्या गाभ्यातही बीएसडीचा अंश आहे.

तेव्हा 'एकत्र या' म्हणणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: यातलं नेमकं कोणतं घर पाडायचं? आणि तिथून काय यायचं थांबलं तर चालेल?