झुलूची माळ आणि कोलामाचं टोपलं

माझी भाची पुण्याला नोकरी करते. कंपनीच्या कामानं ती दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेली आणि चार दिवसांची रजा जोडून झुलू लोकांचा मुलूख बघून आली. सुट्टीत आमच्याकडे पांढरकवड्याला आली, तेव्हा फोटो दाखवताना तिचं बोलणं थांबतच नव्हतं. "मावशी, झुलू म्हणजे आकाश. ते स्वतःला आकाशाची माणसं म्हणवतात!" मग राजा शाकाची गोष्ट झाली. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवाना इथे ढाली-भाले घेतलेल्या झुलूंनी बंदुका-तोफांच्या इंग्रजी फौजेला कसं हरवलं, तेही सांगून झालं. मग हलुहलुवे-इम्फोलोझीचं जंगल. ते १८९५ पासून राखीव आहे. पांढरे गेंडे जवळजवळ संपले होते, ते या जंगलात तगले आणि इथूनच पुढे दुसऱ्या जंगलांना पाठवले गेले.

शेवटी तिनं माझ्या गळ्यात मण्यांची एक माळ घातली. झुलू मुली पूर्वी आवडत्या मुलासाठी अशी माळ ओवायच्या आणि मण्यांच्या रंगांतून त्याला निरोप द्यायच्या, म्हणे.

"केवढ्याची गं?" मी विचारलंच.

"तीनशे रँड. म्हणजे साधारण दीड हजार रुपये."

"भाव नाही केलास?"

"मावशी, हाताची कला आहे ती. तिचा काय भाव करायचा?"

मला पटलं. अगदी मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टोपलेवाली आली. डोक्यावर सुपडी, टोपली, बगलेत एक तट्टा. गेली दहा-बारा वर्षं ती आमच्या गल्लीत येते. मी एक टोपलं उचललं. "केवढ्याले?" "दीडशे, बाई." "दीडशे? शंभर घे." ती हसली. "बांबू आता जवळ कुठी भेटते, बाई? दूर जा लागते. वाघाचा भेव राह्यते. दोन दिवस बसून काम करतो, तवा एक टोपलं होते." तरीही मी एकशेवीसला सौदा तोडला आणि जिंकल्यासारखी घरात आले. भाची सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. फक्त तिनं माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, लाज वाटली. सात समुद्रापलीकडच्या बाईच्या बोटांना आपण कला म्हणतो आणि आपल्या दारातल्या बाईच्या बोटांना "केवढ्याले?" म्हणतो! झुलूंच्या राजाचं नाव मला एका संध्याकाळी पाठ झालं. या बाईचं नाव मला दहा वर्षांत माहीत नव्हतं. मी तिला "कोलामीण आली" एवढंच म्हणत होते.

कोलाम कोण, हे तरी आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? महाराष्ट्रात अतिमागास म्हणून वेगळ्या नोंदलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलाम मुख्यतः आपल्याच भागातले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, वर्धा आणि पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची बोली कोलामी. ती मराठीची बहीण नाही, तमिळ-तेलुगूच्या द्रविड कुळातली आहे. आपण वाघ म्हणतो त्याला कोलामीत "पुल" म्हणतात. पाण्याला "ईर". कॅलिफोर्निया विद्यापीठातले एमेनो नावाचे प्राध्यापक शेजारच्या वर्धा जिल्ह्यात येऊन ही भाषा शिकले आणि १९५५ साली त्यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक छापलं. तिकडच्या माणसाला जे मोलाचं वाटलं, ते आपण आठवडी बाजारात ऐकतो आणि "काय बोलतात कोण जाणे" म्हणून पुढे जातो.

इतिहास म्हणाल तर तोही आहे. चांद्याच्या गोंड राजांचं राज्य आपल्याला लागूनच होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या गादीचा कारभार राणी हिराईनं सांभाळला. पती बीरशहाची चंद्रपूरची समाधी तिनंच बांधून घेतली. आपण ताजमहालाला सहल काढतो, पण बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली समाधी इतक्या जवळ असून बघायला जात नाही! कोलाम हे गोंडांपेक्षा वेगळे. पण आदिलाबादकडचे गोंड रानातल्या देवांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलावत, असं तिथे १९४० च्या दशकात राहून अभ्यास केलेल्या हायमेनडॉर्फ यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्यांना आपण मागास म्हणतो, त्यांच्याकडे राज्य केलेले लोक रानाची विद्या मागायला जात होते.

आणि रान? टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं. क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. एवढ्याशा जंगलातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला, तेलंगणातून आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांमधून पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळ्या देशात बातमी झाली. त्याआधी २०१८ मध्ये आपलाच भाग वेगळ्या कारणानं गाजला होता. पांढरकवडा-राळेगावच्या टापूत १३ माणसांचे बळी ज्या वाघिणीच्या नावावर मांडले गेले, ती अवनी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीनं मारली गेली. शहरातल्या लोकांनी तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. ते चूक असं मी म्हणत नाही. वाघ जगलाच पाहिजे. पण त्या दोन वर्षांत सरपणाला, कापूस वेचायला, गुरांमागे जाताना ज्यांचा जीव मुठीत होता, त्या बायकांचं म्हणणं कुणी विचारलं?

आता टिपेश्वरला नागपूर, हैदराबादहून गाड्या येतात. आनंद आहे. गाइड म्हणून, गाडीचे चालक म्हणून गावातल्या पोरांना काम मिळतं, हेही चांगलं. पण पोडातल्या बाईच्या हाती काय येतं, हा माझा प्रश्न आहे. पाहुण्यांनी वाघाचा फोटो घेतला, चिप्सचं पाकीट फोडलं आणि गेले, तर त्या रानाची खरी माणसं त्यांना दिसलीच नाहीत.

यावर कुणी म्हणेल, चला तर मग, पोडात सहली नेऊ, नाच ठेवू! नाही बायांनो. भाचीनं झुलूंकडचंच उदाहरण सांगितलं. १९८० च्या दशकात तिथे एका टीव्ही मालिकेसाठी झुलू गावाचा सेट उभारला होता. पुढे त्याचंच पर्यटकांचं गाव झालं. तसल्याच एका गावात तिनं नाच बघितला. नाच संपला आणि तीच मुलं जीन्स घालून मोबाइलवर बोलत बसली. "मावशी, मलाच ओशाळल्यासारखं झालं. जणू मी त्यांना आजोबांचे कपडे घालायला लावले." पोड म्हणजे काही प्राण्यांचा पिंजरा नाही. न विचारता फोटो काढू नये. बोलावलं तरच चावडीवर बसावं. चहा दिला तर तोंड वाकडं न करता प्यावा.

गांधीजींची एक गोष्ट इथे आठवते. १९०६ साली झुलूंनी करांविरुद्ध बंड केलं, तेव्हा गांधीजी इंग्रज सरकारच्या बाजूनं, जखमींना उचलणाऱ्या भारतीय तुकडीसोबत गेले होते. गोऱ्यांना जखमी झुलूंची शुश्रूषा नको होती. ते काम या तुकडीच्या वाट्याला आलं. त्या जखमा धुताना खरी बाजू कुठली, हे त्यांना उमगलं. पुढे हाच माणूस आपल्या शेजारी सेवाग्रामला येऊन राहिला. लांबून दिसतं ते वेगळं, हातानं शिवलं की कळतं ते वेगळं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाघ बघायला जरूर जा. पण जाताना दोन गोष्टी करा. एक, आपले महिला मंडळ, बचत गट यांनी मिळून कोलाम बायकांचं बांबूकाम त्यांच्याच भावानं विकायला जागा करून द्यावी. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा एक छोटी बांबूची परडी लुटा की! दोन, बांबू आणायची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांच्या मागणीत आवाज मिसळा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं आहे आणि ते गोळा करण्याचा हक्क रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना दिला आहे. कागदावरचा हक्क पदरात पडायला ग्रामसभेत बोलावं लागतं. तिथे शिकलेल्या बाईनं शेजारी बसलं तरी धीर येतो.

पुढच्या आठवड्यात टोपलेवाली पुन्हा आली. मी तिला आधीचे तीस रुपये दिले. तिनं घेतले, पण जरा संशयानंच बघितलं. "काऊन वं बाई? काय झालं?" मी म्हटलं, "चुकलं होतं माझं. बस, पाणी घे. आणि नाव सांग ना तुझं."

तिनं सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण पेपरात छापू का, हे मी तिला विचारलेलं नाही. तुमच्या दारात येणारीला तुम्हीच विचारा.