समाचार घेणें

मराठींत ‘समाचार घेणें’ या प्रयोगाचे दोन अर्थ आहेत. दुःखिताच्या घरीं जाऊन त्याची वास्तपुस्त करणें हा एक. एखाद्याची खरडपट्टी काढणें हा दुसरा. आमची शिष्ट मंडळी घरून निघते ती पहिला अर्थ मनांत धरून, आणि उंबरठा ओलांडतांच आचरूं लागते दुसरा. ‘आधींच मोठ्या डॉक्टरांना कां दाखविलें नाहीं?’ ‘आतां रडून का माणूस परत येणार आहे?’ ‘तुम्हीच धीर सोडलात तर मुलांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?’ यास सांत्वन म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही यास जखमेवर मीठ चोळणें म्हणतों.

हे उपदेशक दुष्ट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. दुसऱ्याचें रडणें त्यांना सोसवत नाहीं, एवढेंच. तें लवकर थांबावें, म्हणजे पायांत वहाणा सरकवून आपण मोकळे, अशी त्यांच्या मनाची घाई असते. आणि ती घाई वेदान्ताचें सोंवळें नेसून बाहेर पडते.

यावर कोणी म्हणेल कीं, शोकाला ज्ञान हेंच औषध, असें आमचे प्राचीन ग्रंथ सांगतात. सांगतात खरे; पण तें केव्हां लागू पडतें हेंही तेच सांगतात. महाभारताचें स्त्रीपर्व उघडून पाहावें. शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर देहाच्या अनित्यतेवर अध्यायामागून अध्याय ऐकवितो. विदुराहून थोर उपदेशक आमच्या आळींत असेल असें वाटत नाहीं. परिणाम काय झाला? तोच धृतराष्ट्र पुढें भीम समजून लोखंडी पुतळ्याचा चुराडा करतो. उपदेश कानांत राहिला, शोक बाहूंत उतरला! त्यानंतर गांधारी रणांगणावरील एकेका मृताकडे बोट दाखवून विलाप करते, आणि श्रीकृष्ण तो ऐकत राहतो. शांतिपर्व येतें तें याच्याही मागून. व्यासांनीं आक्रोशास अकरावें पर्व दिलें व शांतीस बारावें. आमचे लोक मात्र पहिल्याच दिवशीं बारावें उरकूं पाहतात.

नव्या मताचे लोक दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आहेत. भेटीगांठी हें जुनें ढोंग. मोबाइलवर जोडलेल्या हातांचें चित्र धाडलें कीं कर्तव्य संपलें, असें त्यांचें मत. जुन्या रूढींत क्रौर्य होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. विधवेच्या दारीं जमणारा समाज तिच्या अश्रूंपेक्षां तिच्या केशांकडेच अधिक पाहत असे. परंतु वाईट भेटीवर उपाय चांगली भेट हा आहे. गैरहजेरी हा नव्हे. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, तेव्हां संकटांत सांपडलेल्या विधवांना त्यांनीं आधीं दार उघडलें. दोष कोणाचा याची चौकशी करीत बसले नाहींत. त्यांतील एकीचा मुलगा त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतला. १८९७ च्या प्लेगांत लोक घरेंदारें सोडून पळत असतां सावित्रीबाई रोग्यांजवळ गेल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं निवर्तल्या.

प्रत्येकानें प्राण द्यावा असें कोणी मागत नाहीं. ज्या घरीं मृत्यु झाला तेथें चूल पेटत नाहीं, म्हणून शेजारी पिठलें-भात आणून देतात. या साध्या चालींत आम्हांस सहानुभूतीचें सारें शास्त्र दिसतें. ती शेजारीण ‘कांहीं लागलें तर सांगा’ असें म्हणून निघून जात नाहीं. काय लागेल हें ती जाणते व आणते. तेराव्या दिवसानंतर माणसें पांगतात, आणि खरें एकटेपण चौदाव्या दिवशीं सुरू होतें. त्या दिवशीं जावें. मृत्यूच्या दाखल्यासाठीं कचेरींत खेटे घालावयाचे असतील तर सोबत करावी. गेलेल्याचें नांव टाळूं नये, मुद्दाम काढावें. रडें आलें तर येऊं द्यावें. बोलण्यासारखें कांहीं नसेल तर न बोलतां बसावें. शब्द सुचत नाहींत म्हणून जो घरीं राहतो, त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, शब्द कोणीं मागितलेच नव्हते.